स्टार लावलेल्या ओळी

कारखान्याचं नाव मी लिहिणार नाही. त्या वेळचे संचालक बहुतेक वारले, पण त्यांची पोरं आहेत आणि त्यांना भांडायला वेळही भरपूर आहे. तुळजापूर आणि उमरगा यांच्या मधल्या पट्ट्यात एक सहकारी साखर कारखाना होता, एवढं पुरे. मी तिथं शेतकी खात्यात हेडक्लार्क होतो, मल्लिकार्जुन हत्तरगे. ज्याच्याबद्दल लिहायचंय तो बब्रुवान सोनकांबळे, आमचा पहिला प्रोग्रामर. दुसरा नंतरही कोणी झाला नाही, पण त्याचं पुढं सांगतो.

सोनकांबळे आधी टाइम ऑफिसात टायपिस्ट होता. पंच्याऐंशी साली पुण्याला सहा आठवड्यांचं कॉम्प्युटरचं शिक्षण घ्यायला माणूस पाठवायचा ठरला, तेव्हा राहायची सोय ज्यानं त्यानं बघायची असं कळल्यावर आमचे निम्मे क्लार्क एकाएकी आजारी पडले. सोनकांबळेनं कोणत्या तरी वसतिगृहात ओळख काढली आणि गेला. परत आला तो दोन जाडजूड वह्या घेऊन. पुढच्या वर्षी सोलापूरहून जीपमधून, गादीवर ठेवून, कॉम्प्युटर आला. चेअरमन नानासाहेबांनी नारळ फोडला, तोही खोलीबाहेर, पाणी आत उडू नये म्हणून. पहिल्या दिवशी दीडशे माणसं चपला काढून आत आली. दुसऱ्या दिवसापासून कोणी आलं नाही.

चपला काढायचा कंटाळा हे निमित्त झालं. सोनकांबळेचं घर बौद्धवाड्यातलं. कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर बसायला कोणी नाही म्हणत नव्हतं, फक्त बसत नव्हतं. मीही बसत नव्हतो. आता सत्तरी ओलांडल्यावर हे लिहायला मला फारसं धाडस लागत नाही, तेव्हा लागलं असतं.

तर हा माणूस मशीनसाठी एसी लावलेल्या त्या गार खोलीत सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एकटा असायचा आणि तोडणीच्या यादीचा प्रोग्राम लिहायचा. कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कधी तोडायचा, याचा क्रम आम्ही तोवर रजिस्टरं समोर पसरून, भांडत, खाडाखोड करत लावायचो. तो क्रम मशीननं लावायचा होता. लागणीची तारीख, उसाची जात, खोडवा की नवी लागण, रस्ता कसा, टोळी कुठली, सगळं त्यात धरायचं होतं.

आता प्रोग्राम लिहायचा म्हणजे कशात तरी लिहावा लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मशीनपुढं बसलं की झालं. सोनकांबळेला मात्र याचाच घोर लागला होता. मशीनवर लिहायच्या तीन तऱ्हा होत्या. पहिली एडलिन. तिच्यात एका वेळी एकच ओळ हातात यायची. ओळीचा नंबर सांगायचा, ती ओळ पुढं यायची, ती सुधारायची, पुढचा नंबर सांगायचा. मधे एखादी नवी ओळ घातली की खालच्या सगळ्यांचे नंबर बदलायचे, म्हणून हा गडी दुरुस्त्या खालून वर करत यायचा, म्हणजे वरचे नंबर हलत नाहीत. चारशे ओळींचा प्रोग्राम असा पाठ केल्यासारखा त्याच्या डोक्यात असायचा. दुसरी तऱ्हा डीबेसची स्वतःची, डीबेस म्हणजे ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचा ती. त्यात एका वेळी पानभर दिसायचं, वापरायला अगदी सोपी, पण पाच हजार अक्षरांपलीकडं ती काही धरत नव्हती. तिसरी वर्डस्टार. ते खरं तर पत्रं लिहायला आलेलं, पण त्यात प्रोग्रामही लिहिता यायचा, फाईल उघडताना एन दाबला तर. डी दाबला तर ते त्याला पत्र समजायचं आणि आतून काहीबाही करून ठेवायचं.

या तिन्हींतलं कोणतं धरावं, यावर तो दोन महिने विचार करत होता. तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. "अहो सोनकांबळे, पेन कुठलं घ्यावं याला कोण दोन महिने लावतं?" असं मी जाता जाता दारातूनच म्हणालो होतो, चपला पायात ठेवून. तो उठून उभा राहिला आणि खरोखरच उत्तर द्यायला लागला. "साहेब, एडलिनमदी चूक कमी होती, कारण एकच वळ बघायची. पर आख्खं काम कसं चाललंय ते दिसत न्हाय. वर्डस्टारमदी दिसतं, पर..." तोवर मी पुढं गेलो होतो.

पुण्याच्या त्याच्या सरांना त्यानं यावर चार पानी पत्र लिहिलं. उत्तरादाखल कंपनीचं रंगीत माहितीपत्रक आलं. सोलापूरला मशीन विकणाऱ्याकडं गेला, तर तो म्हणाला, त्याची गिऱ्हाइकं पत्रंच लिहितात, प्रोग्राम लिहिणारा तूच पहिला भेटलास. एवढा मोठा जिल्हा, त्यात त्या वेळी एडलिन बरं की वर्डस्टार बरं यावर त्याच्याशी चार शब्द भांडेल असा एक माणूस नव्हता. आमच्याकडं भांडायला माणसं कमी नाहीत, पण विषय वेगळे.

एकदा दुपारी तो कँटीनमध्ये जवळजवळ पळतच आला. मी तिथंच होतो. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की बिराप्पा कँटीनवाल्यानंही किटली खाली ठेवली. नंतर मला कळलं ते असं: दोन दिवस मशीन त्याची एकही ओळ घेत नव्हतं. वर्डस्टारमध्ये पाहिलं तर ओळ बरोबर दिसायची. शेवटी त्यानं तीच फाईल एडलिनमध्ये उघडली आणि त्याला दिसलं की प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर बदलून भलतंच झालंय. चुकून डी दाबला गेला होता. हे त्याचं त्यानं शोधून काढलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात त्याला सापडलं नव्हतं. ते सांगायला तो आला होता. कँटीनमध्ये आम्ही विहिरींबद्दल बोलत होतो. शहाऐंशीचा पाऊस गेल्यातच जमा होता, कॉलनीला टँकरनं पाणी येत होतं, उभा ऊस तोडून चाऱ्याला नेत होते. तो चहाचा ग्लास घेऊन थोडा वेळ उभा राहिला. मग चहा तसाच ठेवून परत गेला. बिराप्पानं विचारलं, "काय झालं वो त्यांला?" मी म्हणालो, "मशीन बंद पडलं असंल."

त्याचं लग्न झालं नव्हतं. आई भिमाबाई गावी असायची, महिन्या-दोन महिन्यांनी भाकरी बांधून घेऊन यायची. ती एकदा त्या खोलीत येऊन बसलेली मी पाहिली. पाय वर घेऊन, पदर लपेटून, गारठलेली. म्हणाली, "दिसभर कुनाशी बोलतूस रं बाबा हितं?" तो हसला आणि म्हणाला, "लिहितो ना आई." ती म्हणाली, "ते न्हाय इचारलं म्या."

त्या हंगामाच्या तोंडी संचालक मंडळाच्या ध्यानात आलं की तोडणीचा सगळा क्रम एका माणसाच्या डोक्यात आहे आणि तो माणूस आजारी पडला तर पंचाईत होईल. म्हणून हाताखाली एकाला शिकवून ठेवावं, असा ठराव झाला. शेतकी खात्याचा माणूस हवा, म्हणून माझं नाव निघालं. मी कपाळाला हात लावला. सोनकांबळेनं मात्र दुसऱ्याच दिवशी स्टोअरमधून खुर्ची आणली. स्टोअरच्या खुर्च्या डुगडुगतात, तर तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून, बसून पाहून, मग माझ्यापुढं सरकवली. "बसा मल्लिकार्जुनराव." तोवर तो मला साहेब म्हणायचा. त्या दिवसापासून मल्लिकार्जुनराव झालो.

चार महिने मी रोज तासभर त्याच्या शेजारी बसलो. तो शिकवायचा आणि मी डुलक्या घ्यायचो. गार हवेत जेवणानंतर कोणाला झोप येत नाही? त्यानं शेवटी वर्डस्टार पक्कं केलं होतं, आणि का केलं ते मला समजावून द्यायला तो उतावीळ झाला होता. "दोन माणसांनी मिळून वाचायचं म्हणलं की आख्खं पान दिसाया पायजे. एडलिन एकट्याचं हाय." मी म्हणालो, "ते एन आणि डी माझ्या लक्षात राहत नाही. सोपं कोणतं ते सांगा." तो म्हणाला, "सोपं डीबेसचं. पर त्यात ही फाईल कधीच उघडू नका. पाच हजाराच्या पुढं कापून टाकतं ते." मी हो म्हणालो. मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

मधून मधून तो प्रोग्राम पडद्यावर लावायचा आणि म्हणायचा, "तुमी वाचत बसा, म्या काट्यावर जाऊन येतो." काटा म्हणजे आमचा वजनकाटा, उसाच्या गाड्या तिथं तोलतात. तो परत आला की माझ्याकडं बघायचा. मी म्हणायचो, "झकास आहे." वाचलं मात्र कधी नव्हतं. इंग्रजी अक्षरांचा तो पसारा बघून मी रेडिओवरच्या बाजारभावांचा विचार करत बसायचो. तो मान हलवायचा आणि कामाला लागायचा. असं आठ-दहा वेळा तरी झालं असेल.

जानेवारीत भिमाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तो तीन दिवसांची रजा टाकून सोलापूरला गेला. पहिल्याच दिवशी मंडळानं ठरवलं की ज्यांची विहीर आटली त्यांचा ऊस आधी तोडायचा, नाहीतर तो वाळून जाईल. निर्णय बरोबर होता. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलायची होती, आणि ती कुठं बदलायची हे मला सोनकांबळेनं कागदावर लिहून दिलेलं होतं, असं काही होणार याचा अंदाज त्याला होता. दोन दिवस थांबलो असतो तर काही बिघडत नव्हतं, यादी हातानं केली असती. पण नानासाहेबांनी विचारलं, "हत्तरगे, तुम्हांला जमंल का?" आणि मी म्हणालो, "न जमायला काय झालं?"

वर्डस्टार उघडलं. एन की डी, पुन्हा आठवेना. चुकीचं दाबलं तर शब्दांची अक्षरं बदलतात, एवढं मात्र पक्कं ध्यानात होतं. म्हणून, धोका नको म्हणून, मी डीबेसच्या सोप्या खिडकीत फाईल उघडली. खाली इंग्रजीत एक ओळ आली. आमच्या खात्यात इंग्रजी ओळीखाली सही करायची सवय, तसं मी एंटर दाबलं. बदलायची ओळ वरच सापडली. बदलली, जपून ठेवली. मग क्लार्कच्या सवयीनं पुन्हा उघडून पाहिली, बदल जागेवर होता, खात्रीसाठी पुन्हा एकदा जपून ठेवली. जुनी प्रत मशीन स्वतः बाजूला ठेवतं, ती माझ्या त्या दुसऱ्या खेपेनं गेली. मग संध्याकाळचा नियम म्हणून तीच फाईल फ्लॉपीवर उतरवली, म्हणजे तिथलीही गेली. तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या काळजीपूर्वक मी दुसरं काम केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी यादी मागितली तर प्रिंटरनं कारखान्याचं नाव छापलं, तारीख छापली आणि गप्प बसला.

आम्ही रजिस्टरं काढून यादी हातानं केली. तोडणी एक दिवसही थांबली नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर नानासाहेबही तेच म्हणाले, की मग नुकसान काय झालं?

सोनकांबळे तिसऱ्या दिवशी दुपारच्या एस्टीनं आला. पिशवी खाली ठेवली, फाईल उघडली, खाली खाली गेला आणि जिथं संपली तिथं थांबला. मग त्यानं तीन प्रश्न विचारले.

"डीबेसमदी उघडली?"

"व्हय."

"दोनदा ठिवली?"

"व्हय. खात्रीसाठी."

"फ्लॉपीवर पण?"

मी मान हलवली. कागदावर छापलेली प्रत होती का, असं मी विचारलं. नव्हती. रुंद कागद दुष्काळामुळं तोडणीच्या पावत्यांसाठी राखून ठेवला होता, तो ठरावही माझ्याच खात्याचा. त्यानं वर्डस्टार उघडलं, एन दाबला आणि आठवणीतून लिहायला बसला.

मी त्याच्या शेजारी बसून होतो, करण्यासारखं काही नव्हतं. उरलेल्या वरच्या भागाची एक प्रत त्यानं मला छापून दिली होती, दोन पानांची, काही विसरलं तर बघता यावं म्हणून. ती मी वाचायला घेतली. प्रथमच.

मधे मधे स्टार लावलेल्या ओळी होत्या. ज्या ओळीच्या तोंडाशी स्टार असतो ती मशीन सोडून देतं, ती फक्त माणसानं वाचायची असते, एवढं मला माहीत होतं. त्या ओळी इंग्रजी अक्षरांत पण मराठी होत्या. पहिलीच अशी होती: "मल्लिकार्जुनराव, इथं घाई करू नका, आधी लागण तारीख बघायची." पुढं एक: "ही ओळ मी तीनदा बदलली. का ते खाली लिहिलंय." ते खालचं आता नव्हतं. एक ओळ होती: "आज कारखान्याला सुट्टी, मी एकटाच आलोय, एक चिमणी आत शिरलीय, दार उघडं ठेवलं तर मशीन तापतं, काय करावं?" चिमणीचं काय झालं, तेही खालीच राहिलं असणार. आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर: "तुम्ही हे वाचत असाल तर मला सांगा. मी विचारणार नाही."

म्हणजे तो काट्यावर जायचा तो यासाठी. परत येऊन माझ्याकडं बघायचा तो यासाठी. आणि मी दर वेळी झकास म्हणत होतो. मला इतकी लाज आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही, आणि माझ्या हातून बऱ्याच गोष्टी घडल्या आहेत.

दीड दिवस तो लिहीत होता. जेवायला उठला नाही, बिराप्पानं डबा आत आणून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रिंटर सुरू झाला आणि यादी आली. विहीर आटलेले वर, बाकीचे खाली, एक नाव इकडचं तिकडं नाही. मी नवा प्रोग्राम पडद्यावर लावायला सांगितला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. चारशेच्या जागी अडीचशे ओळी झाल्या होत्या. त्यात स्टार लावलेली ओळ एकही नव्हती.

"सोनकांबळे, त्या स्टारच्या ओळी?"

तो वह्या आवरत होता. "त्यानं मशीन हळू चालतं, साहेब," तो म्हणाला.

हे खरं होतं. पुढं मी घड्याळ लावून पाहिलं, यादीला पाऊण मिनिट कमी लागत होतं. पण तेव्हा मी एवढंच म्हणालो, "वरच्या वाचल्या मी. दोन पानं राहिली होती ती."

"बरं," तो म्हणाला. वाईट आवाजात नाही, चांगल्याच आवाजात म्हणाला. मग त्यानं विचारलं की पुढचा तास कधी घ्यायचा. मी म्हणालो, उद्या.

त्यानंतर मी मन लावून शिकलो. डुलकी घेतली नाही. एन आणि डी पुन्हा कधी चुकलो नाही. मी त्याला प्रश्न विचारायचो आणि तो नीट उत्तरं द्यायचा, विचारलं तेवढीच. वर्डस्टार का, एडलिन का नाही, हे मी मुद्दाम काढायचो, तो वाद घालेल म्हणून. "तुमाला जे सोयीचं वाटंल ते घ्या साहेब," तो म्हणायचा. एकदा मी कँटीनमध्ये माझा ग्लास घेऊन त्याच्या टेबलावर जाऊन बसलो. त्यानं सरकून जागा दिली, भिमाबाईचा डोळा बरा आहे म्हणाला, चहा संपवला आणि कामावर गेला. बिराप्पा बघत होता. मला वाटलं, हे मी दोन वर्षं आधी करायला हवं होतं. दुसरं काहीच वाटलं नाही, कारण दुसरं काही वाटण्यासारखं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीत त्याला औरंगाबादला सरकारी नोकरी लागली. तिथं त्याच्यासारखी सहा माणसं एका खोलीत बसतात, असं तो म्हणाला, आणि ते सांगताना मला त्याचा तो जुना चेहरा क्षणभर दिसला, कँटीनमध्ये पळत आला होता तेव्हाचा. नानासाहेबांनी शाल दिली. जाताना त्यानं मला स्वतःचा पत्ता एका कार्डावर टाइप करून दिला. म्हणाला, "प्रोग्राममदी काय चूक निगाली तर कळवा. लगेच येतो."

कार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. त्याच्या जागी माणूस मिळाला नाही, त्यामुळं मीच त्या खोलीत बसू लागलो. सात हंगाम मी तो प्रोग्राम चालवला. आत शिरून ओळ न ओळ तपासली, कुठं तरी काहीतरी चुकलेलं असेल म्हणून. कधी कधी मुद्दाम उलटीसुलटी माहिती घालून पाहिली. सात हंगामांत त्यात एकही चूक निघाली नाही, आणि चुकीशिवाय त्याला पत्र काय म्हणून लिहावं, ते मला काही सुचलं नाही.